टॉवर तीनची भिंत

२७ मार्च, सोमवार

पहाटे उठून कालचाच भात आणि सोयाबीनचं तेम्पे गरम केलं. दोन घास खाल्ले, पाणी प्यायले, पुन्हा आडवी झाले. एकटीसाठी कोण साग्रसंगीत करणार? रोजे सुरू होऊन आठवडासुद्धा झाला नाही, लेबारानची ईद अजून लांब, आणि पाय आत्ताच जड झालेत.

प्लांटवर गेल्या गेल्या साहेबांनी, पाक हेंदार्तोंनी, बोलावलं. टॉवर तीनची तपासणी माझ्याकडे आली आहे. आमच्याकडचा हा सगळ्यात जुना टॉवर. विहिरीतून येणारा वायू यात धुतला जातो, सडक्या अंड्याच्या वासाची सगळी घाण इथे उतरते आणि स्वच्छ गॅस वीजकेंद्राकडे जातो. ती घाण आतून पोलाद खाते, आणि खाता खाता हायड्रोजन सुटतो. त्यातले काही अणू सुटे सुटे भिंतीत शिरतात आणि पोलादातून चालत बाहेर येतात. बावीस मिलिमीटर भरीव पोलाद! वीस वर्षं हे काम करतेय, तरी लिहिताना अजून थाप मारल्यासारखं वाटतं.

"बू विगाती," साहेब म्हणाले, "लेबारान होईपर्यंत टॉवर बिनघोर चालेल, एवढं आकड्यांत लिहून द्या. सणात वीजकेंद्र गॅस मागणार, आणि माझी निम्मी माणसं गावी गेलेली असणार."

"आणि आकडा नाही म्हणाला तर?"

"आकडा तुमचाच ना? तुमचं ऐकेल."

हसले मी. उपाशीपोटी हसायलाही ताकद लागते.

संध्याकाळी बांग झाली, खजूर तोंडात टाकला आणि धाकट्या बहिणीचा, लासमीचा फोन. ती गावी आईजवळ असते. आईला झटका आला, उजवं अंग गेलं, तेव्हापासून सगळं तीच बघते. पूर्वी फोन केला की अर्धा तास तक्रारी: आईने ताट लोटलं, पाठीला फोड आले, शेजारच्या यू पाइनेमच्या कोंबड्या स्वयंपाकघरात शिरल्या. मी कानाला फोन लावून जेवायचे. आज एवढंच म्हणाली, "म्बाक, एक बोलायचं होतं."

"दिक, लेबारानला येतेच आहे ना मी. तेव्हा निवांत बोलू."

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला. सुटले बाई, असं वाटलं. आज खरंच अंगात त्राण नव्हतं.

२९ मार्च, बुधवार

गणित अगदी कॉलेजातल्या पोरांचं आहे. भिंतीच्या आतल्या अंगाला हायड्रोजन किती, बाहेरच्या अंगाला किती (तिथे शून्यच धरायचा, कारण बाहेर आला की तो उडून जातो), दोन्हींतला फरक काढायचा, जाडीने भागायचं, आणि पोलादातून तो किती भराभर सरकतो त्या आकड्याने गुणायचं. अट एकच, सगळं स्थिरावलेलं हवं. जेवढा आत शिरतो तेवढाच बाहेर पडतो, मध्ये काही साठत नाही. एवढी वर्षं चालणारा टॉवर स्थिरावलेला नसेल तर दुसरं काय स्थिरावलेलं असणार? त्या अटीवर मी फार वेळ घालवला नाही.

गणित म्हणतं, गेजचा काटा दिवसाला नऊ घरं चढायला हवा. भिंतीला बाहेरून एक पोलादी वाटी पालथी चिकटवली आहे. आरपार आलेला हायड्रोजन तीत जमतो आणि वाटीवरचा काटा दाब दाखवतो. पाक तार्मुजी रोज शिडी चढून तो वाचतात. या वर्षी निवृत्त होणार आहेत. रोज्यात दिवसभर सिगारेट बंद, म्हणून त्यांचा सगळ्या जगावर राग आहे.

"तीन," वरून ओरडले.

"नऊ का?"

"बू, पोट रिकामं आहे माझं, डोळे नाहीत. तीन म्हणजे तीन."

१ एप्रिल, शनिवार

वाटीच्या कडेला साबणाचं पाणी लावून पाहिलं. एकही बुडबुडा नाही, म्हणजे गळत नाही. गेज बदलून पाहिलं. तरी तीनच.

साहेब खूश. "म्हणजे तुम्हाला वाटलं होतं त्याच्या तिसराच भाग येतोय बाहेर. पोलाद कमी खाल्लं जातंय. देवाची कृपा!"

मलाही तसंच वाटलं. वाटावंसं वाटलं, असं म्हणू का? गणित चुकलं असेल तर ते चांगल्या बाजूने चुकलंय. अहवालाचा मसुदा करून ठेवलाय. दिवसभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय, त्यात आकड्यांशी भांडण कोण काढणार?

लासमीला मीच फोन केला. मागे बायकांचा घोळका एकासुरात काहीतरी म्हणत होता, चिनी मालिकेत बोलतात तसं.

"टीव्ही लावलायस?"

"हं," म्हणाली. "म्बाक, मला एक कागद लिहून देशील? चार वर्षं मी आईची शुश्रूषा केली, भरवणं, अंघोळ, कुशीवर वळवणं, सगळं येतं मला, असं. खाली तुझी सही."

पंचायतीत कुठल्या योजनेला लागत असेल. लिहिलं, फोटो काढून पाठवला. लिहिताना जाणवलं, पोरगी किती काय काय करते. तसं तिला म्हणायचं राहून गेलं.

४ एप्रिल, मंगळवार

लासमी म्हणाली, दंड दुखतोय, सुई टोचली. आरोग्य केंद्रात तपासणी होती म्हणे, रक्त घेतलं, छातीचा फोटो काढला. "काही झालंय का तुला?" "काही नाही, मी ठणठणीत आहे. त्यांनी कागदावरच लिहून दिलंय तसं." आमच्या गावच्या केंद्रात आता एवढी सोय झाली, चांगलंय.

आई यू पाइनेमजवळ होती. आठवड्यातून तीनदा ती येऊन बसते आणि लासमी बाहेर पडते. हेही बरंच. तिचे आईबरोबरचे खटकेही कमी झालेले दिसतात. रुळली शेवटी.

७ एप्रिल, शुक्रवार

अहवालावर सही करायला बसले आणि हात थांबला. का, ते सांगता येत नाही. नऊच्या जागी आठ आले असते, सात आले असते, तर मी काही म्हटलं नसतं. तीन जरा जास्तच गोड होते.

पाक तार्मुजींना म्हटलं, दुसरी वाटी लावू. टॉवरच्या पलीकडच्या अंगाला, तेवढ्याच उंचीवर.

"कशाला? एका वाटीत खूश आहेत ना सगळे?"

"माझ्या समाधानासाठी."

"समाधान लेबाराननंतर मिळतं, बू. आधी भूक." पण लावली. पोलाद घासून चकचकीत केलं, कड पक्की बसवली, सगळं नीट. कुरकुर करणाऱ्या माणसांचं काम चोख असतं, हे मी किती ठिकाणी पाहिलंय.

१० एप्रिल, सोमवार

दुसरी वाटी दिवसाला नऊ घरं दाखवतेय. जवळपास नेमकी नऊ.

म्हणजे गणित बरोबर आहे. भिंत तीच, जाडी तीच, आतली घाण तीच. या बाजूने नऊ येतात आणि त्या बाजूने तीन. मग तिथले सहा गेले कुठे?

साहेबांना सांगितलं. म्हणाले, "सरासरी काढा."

११ एप्रिल, मंगळवार

आज इफ्तारच्या थोडं आधी एकटीच टॉवर तीनपाशी गेले. सगळे कँटीनमध्ये कोलाकची, नारळाच्या दुधातल्या गोड केळ्यांची, वाटी पुढे घेऊन बांगेची वाट बघत होते. सूर्य खाली आला होता आणि ऊन भिंतीला घासून जात होतं. अशा उन्हात भिंतीवरचा बारीकसा उंचवटाही सावली टाकतो. पहिल्या वाटीच्या जरा वर, ताटाएवढ्या जागेवर, एक सावली होती.

शिडी चढले. तळहात ठेवला. पोलाद फुगलंय. रंग तडकलेला नाही, डोळ्याला सहज दिसतही नाही, पण हाताला कळतं. बोटाच्या पेराने वाजवलं तर आजूबाजूला भरीव आवाज आणि तिथे पोकळ, फुगलेल्या पापडासारखा. जाडी मोजायचं यंत्र लावलं. बावीस मिलिमीटरच्या जागी नऊ, त्यापुढे पोकळ.

हा पत्रा लाटताना कधीकाळी पोटात एक पातळ फट राहिली असणार, खाली वाटीच्या मागेपर्यंत. चालत आलेले सुटे अणू त्या फटीत भेटतात, जोडी जमवतात, वायू होतात, आणि एकदा जोडी जमली की त्यांना पुढे पोलादात शिरता येत नाही. तिथेच बसतात. मागून येणारे येतच राहतात. जागा संपली की दाब वाढतो. बाहेर वाटी लावून बसलेली मी म्हणते, वा, किती कमी येतंय!

बांग झाली तेव्हा शिडीवरच होते. खिशात खजूर होता, तो खाल्ला.

१२ एप्रिल, बुधवार

"फुगवटा?" साहेब म्हणाले. "रंगाचा पोपडा असेल."

"पोपडा वाजवला तर असा वाजत नाही. पाक, बाहेर कमी येतंय म्हणजे आत कमी जातंय असं नाही. मधेच कुठेतरी पाणी मुरतंय. माझं गणित धरलं होतं की काही साठत नाही. तिथे साठतंय."

"किती दिवस टिकेल?"

"आजही फुटेल, वर्षभरही टिकेल. फट वेल्डिंगच्या जोडाकडे सरकली असेल तर चीर आरपार जाईल. ते बंद करून उघडल्याशिवाय कळणार नाही."

"सण तोंडावर आलाय, बू! वीजकेंद्राला काय सांगू? आमच्या तपासणीच्या बाईंनी भिंतीला हात लावला आणि त्यांचा जीव घाबरला?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला हरायलाही चाललं असतं. सरासरी काढायची, सही करायची, बस पकडायची, गावी जाऊन दोन दिवस नुसतं झोपायचं. पाक तार्मुजी दारात उभे होते. तेच म्हणाले, "साहेब, तुम्हीच लावून बघा की हात. शिडी मी धरतो."

साहेबांचं पोट आणि आमची शिडी, दोघांचं जमत नाही. तरी चढले. बराच वेळ तळहात तिथेच होता. दोनदा वाजवून पाहिलं. खाली आले आणि हात पँटला पुसत राहिले, जसं काही ओलं लागलंय.

"माझा भाचा याच पाळीत आहे," एवढंच म्हणाले. मग ऑफिसकडे चालता चालता, मागे न बघता, "बंद करा. आणि उघडताना तुम्ही इथे लागणार. सुट्टी विसरा."

१३ एप्रिल, गुरुवार

लासमीला सांगितलं.

"दिक, यंदा लेबारानला नाही जमणार. टॉवर बंद करतोय. काम मीच अंगावर ओढवून घेतलंय, मलाच थांबावं लागणार."

पलीकडे तिने कोंबड्या हुसकल्या.

"सव्वीसच्या आतसुद्धा नाही?"

"सांगता येत नाही गं. पुढच्या महिन्यात नक्की येते. का, काही अडलंय?"

"नाही. तू ये सावकाश. तुझं काम मोठं आहे."

किती समजूतदार झालीय! चार वर्षांपूर्वी असती तर तिने फोन आपटला असता. मला मात्र फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही. कारण काही नाही, दमणूक.

१८ एप्रिल, मंगळवार

टॉवर थंड केला, धुतला, वाफ दिली, आतली हवा तपासली. मग मी तोंडावर मुखवटा चढवून आत गेले. आतून एकच नाही, पाच फुगे. सगळ्यात मोठ्याच्या कडेला पायऱ्यापायऱ्यांनी सरकत गेलेली चीर, जोडापासून दोन बोटं अलीकडे.

बाहेर येऊन सांगितलं. साहेब टोपी काढून कट्ट्यावर बसले. कुणीतरी म्हणालं, "अल्लाने वाचवलं." कुणी माझ्याशी हात मिळवला. मला आनंद व्हायला हवा होता. नुसतं झोपावंसं वाटत होतं. पाक तार्मुजी म्हणाले, "बू, तुमचा चेहरा असा का? वाचलो आपण." म्हटलं, "रोजा आहे." म्हणाले, "माझाही आहे. पण माझा चेहरा जन्मतःच असा."

२२ एप्रिल, शनिवार

लेबारान. रात्रभर मशिदीतून तकबीरचा घोष चालू होता. सकाळी कँटीनमध्ये केतुपात, झावळीच्या पुडीत उकडलेला भात, आणि नारळाच्या रश्शातली कोंबडी, थांबलेल्या सगळ्यांसाठी. एकमेकांचे हात हातात घेऊन म्हणालो, देहाने मनाने चुकलं असेल तर माफ करा. साहेबही म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी मिरचीवर ढकललं.

घरी फोन लावला. लासमीने आईच्या कानाला धरला. आई नुसती श्वास घेत होती. मी माफी मागितली, ती श्वास घेत राहिली. मग फोन यू पाइनेमच्या हातात गेला.

"विगाती, तू येतेस कधी? सव्वीसला पोरगी निघाली की रात्रीचं माझ्याच्यानं नाही हो होणार. माझे गुडघे बघ."

"कोण निघाली?"

"लासमी. अगं..." मग एकदम, "आवाज येत नाही बाई, पोरं फटाके उडवतायत."

"यू, फटाके मला इथे ऐकू येत नाहीयेत. कोण निघालंय, कुठे?"

शेवटी म्हणाली, "तैवानला. म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला. सहा महिने झाले शिकतेय. मला वाटलं तुला ठाऊक आहे. तूच तर सही करून दिलीस म्हणे, कागदावर."

२४ एप्रिल, सोमवार, गावी

साहेबांना म्हटलं, जाते. त्यांनी का विचारलं नाही. सणाच्या गर्दीत उलट्या दिशेची बस मिळाली, उभ्यानेच आले.

अंगणात लासमी आईचं अंथरूण वाळत घालत होती. केस आखूड कापलेत, मानेपर्यंत. तिथे तसे लागतात म्हणे. शाळकरी पोरीसारखी दिसत होती. मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"चोरून?"

"चोरून काय त्यात? आईने अंगठा दिलाय. गावप्रमुखांसमोर."

"आईला काय कळतं?"

"कळतं. तू कधी विचारलंस तिला?"

"मला सांगायचं होतंस!"

"सांगत होते. तू म्हणालीस, लेबारानला निवांत. मग लेबारानला तू नाहीस."

"पण तू तर हल्ली काही कुरकुर करत नव्हतीस. मला वाटलं, तुझं..."

"थकले, म्बाक." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तुला सांगून सांगून थकले, म्हणून गप्प झाले. तुला वाटलं सुखात आहे?"

मला तेच वाटलं होतं. ते मी तिला सांगितलं. तिने पिशवी माझ्या हातातून घेतली आणि आत गेली.

जेवताना पुन्हा विचारलं, तिथे काय करणार? नव्वदीच्या एका म्हातारीचं सगळं. अंघोळ, औषध, कुशीवर वळवणं.

"तेच तर इथे करतेस!"

"हो. तिथे पगार मिळतो."

"पैसे मी पाठवतच होते."

"आईचे पाठवत होतीस." भात चिवडत होती. मग हळूच म्हणाली, "आणि ती म्हातारी माझी आई नाहीये, म्बाक. ती कण्हली तर मी तिला वळवीन आणि झोपेन. मला रडू येणार नाही. मला एवढंच हवंय, थोडे दिवस."

मी ताटं उचलली.

२५ एप्रिल, मंगळवार

शिकतेय. आईला कुशीवर वळवताना खांद्याला नाही, कमरेला धरायचं. पेज चमच्यावरून सांडायला नको आणि चमच्याला चिकटायलाही नको. पाणी नुसतं दिलं तर ठसका लागतो. लासमी शिकवताना कडक आहे. "हात असा नको. हे पोलाद नाहीये."

संध्याकाळी सणाची राहिलेली माफी. रीतीप्रमाणे लासमी आधी आईच्या मांडीवर डोकं टेकवून आली, मग माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली. धाकटीने मागायची, थोरलीने डोक्यावर हात ठेवून द्यायची. तिने ठरलेले शब्द म्हटले. मला ठरलेलं उत्तर येईना. मीच खाली बसले, तिच्यापुढे वाकले, आणि आमची डोकी खाडकन आपटली.

"उठ गं, म्बाक! लोक बघतील."

"बघू देत. मला माफ कर."

ती कपाळ चोळत रडत होती की हसत होती, कळलं नाही. आईच्या तोंडाचा डावा कोपरा वर गेला होता. झटक्यानंतर तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. लासमी म्हणाली, ती रोज हसते.

२६ एप्रिल, बुधवार

सकाळी गाडी आली. आत आणखी तीन मुली होत्या, तिन्हींचे केस आखूड. लासमीने आईला पेज भरवली, तोंड पुसलं. उठायला गेली तर आईने तिच्या ओढणीचं टोक डाव्या मुठीत धरलं होतं. लासमीने तिची बोटं एकेक करून सोडवली, घाई न करता. शेवटचं बोट सोडवल्यावर ते तिने क्षणभर आपल्या हातात ठेवलं.

मला म्हणाली, "रात्री दोनदा वळव." गाडीत बसली. मागे बघितलं नाही. मी ठरवलं होतं, थांब म्हणायचं नाही. म्हटलं नाही.

२९ एप्रिल, शनिवार

साहेबांचा फोन. नवा पत्रा जूनमध्ये येतोय, जोडकामाच्या वेळी मी हवी.

"किती दिवस रजा लागेल, बू?"

"माहीत नाही."

"अंदाजे?"

"पाक, मला खरंच माहीत नाही. पाक तार्मुजींना निवृत्तीनंतर ठेवून घ्या. ते नाही म्हणतील, पण थांबतील."

आईने आज माझ्या हातून तीनदा चमचा उडवला. रात्री दोनदा उठायचं ठरवते आणि चारदा उठावं लागतं. चार वर्षं ही पोरगी कशी उठली असेल? रोजे संपले, तरी जेवायला वेळ होत नाही.

५ मे, शुक्रवार

लासमी परवा तैवानला पोचली. एकच ओळीचा निरोप होता, घर चौथ्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे.

आज दुपारी आई नेहमीपेक्षा बरी होती. पेज मऊ जमली होती, अर्ध्याहून जास्त वाटी संपली. मी खूश होऊन पुढचा चमचा नेला, तर तिने ओठ मिटले. पुन्हा नेला. तिने मान वळवली आणि स्पष्ट म्हणाली, "चऽ पाओ लऽ."

झटक्यानंतर तिच्या तोंडून मी ऐकलेले पहिले शब्द, आणि मला एकही कळला नाही. वाटलं, पुन्हा झटका आला. जीभ बघितली, हात दाबून बघितला. ती पुन्हा म्हणाली, जरा चिडूनच, "चऽ पाओ लऽ." मी घाबरून तैवानला फोन लावला.

लासमी कुजबुजत बोलत होती, म्हातारी झोपली होती बहुतेक. "काय झालं? आई ठीक आहे ना?"

"ती काहीतरी बरळतेय." जसं ऐकलं तसं म्हणून दाखवलं.

पलीकडून एक आवाज आला, तो हुंदका होता, आणि मग ती हसायला लागली, तोंडावर हात धरून.

"तिथल्या भाषेचा सराव मी तिच्यावरच करायचे, म्बाक. भरवताना, अंघोळ घालताना, रोज. सहा महिने. मला वाटायचं, तिच्या कानावरून जातंय नुसतं." नाक ओढलं. "पोट भरलं म्हणतेय ती. उगाच भरवू नकोस. वाटी खाली ठेव."

मी वाटी खाली ठेवली.